मादाम, तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून आभार

आदरणीय मादाम,
सा. न. वि. वि.

फ्रान्समधल्या लियोंला येऊन आठवडाही झाला नव्हता. क्र्वा-रूस टेकडीच्या चढावर पिशव्या घेऊन धापा टाकत होते, तुम्ही दार उघडून धरलंत आणि मी मोबाइलवर पाठ केलेलं फ्रेंच वाक्य फेकलं, ‘कोमाँ त्यु तापेल?’ सत्तरी ओलांडलेल्या बाईंना, पहिल्याच भेटीत, ‘काय गं, तुझं नाव काय?’ आमच्या साताऱ्यात पाठीत धपाटा बसला असता. तुम्ही नुसती भुवई उचललीत, ‘वू,’ म्हणालात, म्हणजे ‘त्यु’ (तू) नव्हे, ‘तुम्ही’, आणि एक पिशवी घेऊन पुढे झालात.

त्यानंतर दर गुरुवारी तुमच्या स्वयंपाकघरात बसले. चार मीटर उंच छताखाली, जिथे कधी काळी रेशमाचे माग चालायचे, तिथे माझा ‘झ’ चालेना. मी झाडाचा झ म्हणायचे. तुम्ही माझं बोट माझ्याच गळ्याला लावलंत. आधी ‘श’ म्हणायला लावलंत, मग जीभ न हलवता त्याच ‘श’ला आवाज द्यायला. बोटाखाली घसा थरथरला आणि ‘झ मापेल’ (माझं नाव) सुटलं.

पुढे मी ‘झ स्वी यून कोंताब्ल’ म्हटलं. इंग्रजीतला ‘ॲन अकाउंटंट’ डोक्यात बसलेला. तुम्ही विचारलंत, ‘एकच आहात ना? मग मोजता कशाला?’ आणि तुमच्या भाषेत कसं म्हणतात, तेही विचारलंत. मी अकाउंटंट आहे. झालं! मधे ‘एक’ नाहीच. तसंच ‘ॲन्द्यँ’ आणि ‘ॲन्द्येन’चं, म्हणजे भारतीय पुरुष आणि भारतीय बाई. ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ म्हणणाऱ्या बाईला त्यात घाबरण्यासारखं काय होतं? पण पुण्यात भरपूर फी भरून केलेल्या क्लासात सगळं इंग्रजीतून वळसा घालून आलं होतं. तुम्हाला इंग्रजी येत असतं, तर आपणही त्याच वळशाने गेलो असतो.

मे महिन्यातल्या शेजाऱ्यांच्या जेवणात मी सासूबाईंना पुढे केलं, ‘झ वू प्रेजाँत मा बेल-मेर.’ कोपऱ्यातल्या काकांनी हळूच विचारलं, सावत्र आई का? तुमच्याकडे दोघींना शब्द एकच! शब्दशः ‘सुंदर आई’ हे ऐकल्यावर सासूबाईंनी पदर सारखा केला आणि उरलेली संध्याकाळ खुशीत काढली. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी सगळ्याच ‘बेल-सर’, हे मात्र त्यांना अजून पटलेलं नाही. म्हणाल्या, मग भांडण कुणाशी झालं हे कळणार कसं?

मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात, आता आपण ‘त्यु’ म्हणू या. मान मोठा आहे, पण मादाम, जीभ वळत नाही. तुम्ही मला खुशाल ‘त्यु’ म्हणा. मी ‘वू’वरच राहते.

हे पत्र मराठीत आहे, कारण फ्रेंचमध्ये चौथ्या ओळीला अडकले. गुरुवारी लेक वाचून अर्थ सांगेल. आणि जानेवारीत सासूबाई पुन्हा येताहेत. या खेपेला ओळख स्वतःच करून देणार म्हणतात. रोज फोनवर ‘झ मापेल’ घोकून दाखवतात. झाडाचाच झ आहे. तेवढा तुम्ही बघा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची