शेतापासून सलाईनपर्यंतची वाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात ‘पब्लिक हेल्थ’ शिकायला जाणाऱ्या मराठी मुलामुलींवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. साथीचे रोग, लठ्ठपणा, हवामानबदल, मानसिक आरोग्य असे बरेच विषय त्यात होते. सर्पदंशाचा मात्र एका शब्दानेही उल्लेख नव्हता. सिंधुदुर्गात एकतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून नोकरी केलेल्या माझ्यासारखीला ते खटकलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

माझी भाचीसुद्धा यंदा याच शिक्षणासाठी बाहेर निघाली आहे. पहिल्याच सत्रात तिला एक प्रश्न निवडून त्यावर निरनिराळ्या देशांनी काय उपाय केले ते मांडायचं आहे. “आत्या, कुठला घेऊ?” असं तिने विचारलं. मी म्हटलं, साप चावण्याचा घे. तिला वाटलं, आत्या आपली गावातलीच गोष्ट सांगतेय.

पण ही गोष्ट एका गावाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी 81 हजार ते 1 लाख 38 हजार माणसं सर्पदंशाने मरतात आणि त्याच्या जवळपास तिप्पट माणसं हात-पाय गमावून किंवा कायमचं अपंगत्व घेऊन जगतात. 2017 साली संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं आणि 2019 मध्ये 2030 पर्यंत मृत्यू नि अपंगत्व निम्म्यावर आणायचं ठरवलं. या मृत्यूंपैकी सर्वांत जास्त आपल्याच देशात होतात. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सुमारे 12 लाख माणसं सापाने गेली, म्हणजे वर्षाला 58 हजारांच्या आसपास. हा आकडा दवाखान्यांच्या रजिस्टरांवरून निघालेला नाही. ‘मिलियन डेथ स्टडी’त शिकवून तयार केलेली माणसं घरोघर गेली, घरातलं माणूस कसं गेलं ते विचारलं, लिहून घेतलं, आणि डॉक्टरांनी ते वाचून मृत्यूचं कारण ठरवलं. तसं केलं नसतं तर यातली बहुतेक माणसं कुठल्याच कागदावर आली नसती, कारण ती दवाखान्यापर्यंत पोचलीच नव्हती.

न पोचणं म्हणजे काय ते मी पाहिलं आहे. भाजावळीसाठी पातेरा गोळा करताना एका बाईला फुरसं चावलं, उजव्या हाताच्या बोटाला. वेळ साधारण दुपारी चारची. घरी सासू आणि दोन लहान मुलं. सासूने परकराची नाडी काढून मनगटाला करकचून बांधली. नवरा चिरेखाणीवर, तो सहाला आला. मग शेजारच्या वाडीतल्या जाणत्याकडे नेलं, तिथे मंत्र आणि पाल्याचा रस यात दोन तास गेले. त्यानंतर रिक्षा शोधायची धावपळ. आमच्या केंद्रात ती आली तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि ती बोलताना दातांच्या फटीतून रक्त दिसत होतं.

डॉक्टरांनी तिचं दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये घेतलं आणि मला म्हणाले, हलवू नका, वीस मिनिटं. या तपासणीला ना यंत्र लागतं ना वीज. निरोगी माणसाचं रक्त वीस मिनिटांत दह्यासारखं गोठतं, ट्यूब आडवी केली तरी जागचं हलत नाही. मी घड्याळाकडे बघत उभी होते. वीस मिनिटांनी ट्यूब तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहत गेलं. आम्ही एएसव्हीच्या, म्हणजे सापाचं विष उतरवणाऱ्या लशीच्या, दहा बाटल्या फोडल्या, पावडर विरघळवली आणि सलाईनमधून चढवली. रिअॅक्शन आलीच तर हाताशी असावं म्हणून ॲड्रेनलिन भरून ठेवलं होतं. सहा तासांनी पुन्हा ट्यूब लावली, तेव्हा रक्त गोठलं. बाई वाचली. बोटं मात्र दोन गेली. विषाने गेली की नाडीने, ते आता कोण सांगणार?

त्या रात्री लस आमच्या फ्रिजमध्ये होती. डॉक्टर होते, मी होते. शेतापासून सलाईनपर्यंत सहा तास लागले आणि ते सगळे तास वाटेतले होते. दुसऱ्या एका पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या एका मुलाला मण्यार चावली. ती चावलेलं कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून तो उठला. मग पापण्या जड झाल्या, तेव्हा घरच्यांना वाटलं त्याला झोप येतेय. त्याला आणत होते, पण तो रस्त्यातच गेला.

म्हणून मी भाचीला सांगितलं, आधी दमक बघ. नेपाळच्या पूर्व तराईतलं हे शहर. तिथे रेड क्रॉसचं सर्पदंश उपचार केंद्र आहे. तिथल्याच धरण या शहरातल्या बी. पी. कोइराला आरोग्य विज्ञान संस्थेचे डॉ. संजीव शर्मा आणि जिनिव्हाचे त्यांचे सहकारी यांनी वीसेक वर्षांपूर्वी आसपासच्या गावांत मोटारसायकलवाले स्वयंसेवक उभे केले. त्यांचे फोन नंबर गावात वाटले. कुणाला साप चावल्याचं कळलं की स्वयंसेवक निघायचा. रुग्ण मधे, पुढे चालवणारा आणि मागे त्याला धरून बसणारा, असे तिघं थेट केंद्रात. जोडीने लोकांना समजावणं चालू होतं की बांधू नका, कापू नका, वाट बघू नका. त्या गावांत साप चावलेल्या शंभरांतले दहाच्या वर मरत असत. कार्यक्रमानंतर ते प्रमाण 10.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यावर आलं. नवं औषध नव्हतं, नवं इस्पितळ नव्हतं. नेपाळमधल्याच अभ्यासात हेही दिसलं की मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप कमी चावतो. आमच्याकडे आम्ही हिवतापासाठी मच्छरदाण्या वाटल्या, पण कडा अंथरुणाखाली खोचा म्हणजे मण्यारही आत येणार नाही, हे आम्हांला कुणी सांगायला शिकवलं नव्हतं.

शेजारच्या देशाने सोडवलेलं गणित आपण बघत नाही याचं मला फार वाईट वाटतं. काही वेळा शिकणं उलट दिशेनेही होतं. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू चावलेल्यांच्या उशाशी रात्री काढल्या आणि रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध विंचवाच्या विषात हृदयाला वाचवतं हे दाखवलं. 1986 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कोकणातल्या केंद्रातून निघालेलं ज्ञान जगभर गेलं, तसं दमकचं आपल्याकडे यायला काय हरकत आहे?

मात्र परदेशातलं उचलून आणताना सावध राहावं लागतं, हेही मी तिला सांगितलं. घानात पूर्वीच्या लशीऐवजी आपल्याकडे तयार झालेली लस आणली गेली. तिकडेही फुरशाचाच जातभाई चावतो, पण जात वेगळी आणि विष वेगळं. मृत्यूचं प्रमाण 1.8 टक्क्यांवरून 12.1 टक्क्यांवर गेलं. आफ्रिकेतल्या सापांवर चालणारी ‘फाव-आफ्रिक’ ही लस कंपनीने 2014 मध्ये बनवणंच थांबवलं. घेणारे गरीब असले की असं होतं. ही लस घोड्यांना सापाचं विष थोडं थोडं टोचून त्यांच्या रक्तातून काढतात, आणि आपल्याकडे त्यासाठी लागणारं विषही बहुतांश तमिळनाडूतल्या इरुळ सहकारी संस्थेकडून येतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांचं विष प्रदेशागणिक बदलतं. मग कोकणातल्या फुरशाचं, विदर्भातल्या मण्यारीचं विष लस बनवताना का घेतलं जाऊ नये? ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या बुटांटान संस्थेत विताल ब्राझील यांनी शंभरावर वर्षांपूर्वी साप आणून देणाऱ्या शेतकऱ्यांना त्या बदल्यात लस दिली, आणि प्रत्येक लशीबरोबर एक छापील कागद पाठवला. कुठला साप, कुठे चावला, माणसाचं काय झालं, ते भरून परत पाठवायचं. 1986 पासून तिथे असा दंश सरकारला कळवणं बंधनकारक आहे.

आपल्या केंद्र सरकारनेही मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना पत्र पाठवलं की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. कागद चांगला आहे. तो वाडीपर्यंत यावा यासाठी माझी मागणी थोडकी आहे. मृगाच्या आधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने आपल्या हद्दीतल्या प्रत्येक वाडीत दोन मोटारसायकलवाले ठरवावेत. आज मोटारसायकल नाही अशी वाडी कुठली? त्यांच्या पेट्रोलचे पैसे रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून त्याच रात्री मिळावेत, बिल महिनोन् महिने अडकू नये. नंबर आशाताईंकडे, पोलीस पाटलांकडे, शाळेच्या भिंतीवर आणि मंदिराच्या फळ्यावर असावेत. आणि जाणत्यांना, मांत्रिकांना शत्रू न मानता याच यादीत घ्यावं. लोक आधी त्यांच्याकडेच जातात. मंत्र म्हणायचा तर गाडीवर मागे बसून म्हणा, एवढंच मी माझ्या हद्दीतल्या एका वयस्क जाणत्याला सांगितलं होतं. त्याने मान्य केलं आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत तीन माणसं त्याने स्वतः आणून पोचवली.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. दर जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्या तालुकावार्तांच्या पानावर त्या तालुक्यात एएसव्ही कुठल्या केंद्रात शिल्लक आहे आणि रात्री डॉक्टर कुठे असतात, एवढं छापा. माझ्या भाचीचं विमान ऑगस्टमध्ये आहे. त्याआधी जुलैत मी तिला आमच्या जुन्या केंद्रात चार रात्री बसवणार आहे, काचेची ट्यूब हातात घेऊन घड्याळाकडे बघायला.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
जि. सिंधुदुर्ग