शेवटची एसटी रिस्क म्हणून लिहिणाऱ्या सरांना

सर, नमस्कार. व्हॉट्सॲपवर नुसतं थँक्यू टाकून माझं समाधान होईना, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलेय. नाव घेत नाही, तुम्हाला आवडायचं नाही, आणि आपल्या बॅचची पोरं बरोबर ओळखतील.

तुमच्या आधी प्रोजेक्ट मॅनेजमेंट ज्यांनी शिकवलं (शिकवलं म्हणजे नोट्स सांगितल्या, आम्ही उतरवल्या) त्यांच्याकडून गँट चार्टचे (कुठलं काम कधी ते आडव्या रेघांत दाखवणारा तक्ता) फायदे, पर्टचे (कामाला किती वेळ लागेल त्याचा अंदाज काढायची पद्धत) तोटे सगळं पाठ झालं, पण एक चार्ट कधी हातानं काढला नाही. प्रोजेक्टचं विचारलं की म्हणायचे, मिळतात की तयार, बायंडिंग करून आणा, सही मारतो. आणि मी एकदा सांगितलं की लोह्याकडं जाणारी आमच्या गावाची शेवटची एसटी साडेपाचला निघते, ग्रुपच्या मिटिंगला थांबता येत नाही, तर अख्ख्या वर्गासमोर, "मग एमसीए कशाला घेतलंस, घरी बसायचं." पगार मात्र फुल, बरं का.

मग तुम्ही आलात, सीएचबीवर, म्हणजे क्लॉक अवर बेसिसवर, तासाच्या हिशोबानं, तेही पैसे कधी पडतील त्याचा नेम नाही, आणि आम्हाला थेट मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, घेऊन गेलात. अडत दुकानाची हिशोबपट्टी कॉम्प्युटरवर आणायची होती. आम्ही लगेच लॉगिन पेज न् लोगोच्या मागं लागलो. तुम्ही म्हणलात, हमाली-तोलाई कशी कापतात ते जुन्या पट्ट्या बघून कळल्याशिवाय डेटाबेसचं एक टेबल बनत नाही, म्हणजे पट्ट्या एक दिवस लेट तर सगळा प्रोजेक्ट एक दिवस लेट, लोगोला लागू द्या आठवडा, काही अडत नाही. यालाच म्हणतात तो क्रिटिकल पाथ मला तिथं पोत्यावर बसून कळला. पट्ट्या मिळायला लवकरात लवकर 2 दिवस, बहुतेक 5, अडत दुकानाच्या काकांनी टाळाटाळ केली तर 14, मधल्याला चारनं गुणा, बेरजेला सहानं भागा, आले 6. अमेरिकेच्या नौदलानं 1958 मध्ये पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी काढलेली ही पर्टची पद्धत मोंढ्यात चालायली म्हणून तुम्हीच हसला होता. आणि सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत काकांना गाठा, नंतर त्यांना जेवायला वेळ नसतो, हे काही नोट्समध्ये नव्हतं.

पण मला लिहायचंय ते रिस्क रजिस्टरबद्दल, म्हणजे प्रोजेक्टमध्ये काय अडू शकतं, त्यावर उपाय काय न् जबाबदारी कुणाची, त्याचा तक्ता. आमच्या ग्रुपनं सर्व्हर डाउन, डेटा लॉस असलं छापील भरून आणलेलं. तुम्ही वाचलं आणि विचारलं, आपलं खरं काय अडतं ते सांगा. सगळे गप. मी घाबरत घाबरत एसटीचं बोलले. तुम्ही खिशातला पेन काढला, आमच्याच कागदावर खालच्या ओळीत लिहिलं, "शेवटची एसटी 5.30. शक्यता जास्त, परिणाम जास्त." उपाय, "मिटिंग दुपारी 1 ला, डबे घेऊन." आणि जबाबदारी कुणाची त्या रकान्यात मला वाटलं आता माझं नाव येणार, तर तिथं तुम्ही स्वतःचं लिहिलं. पेन खिशात, पुढचा ग्रुप. बास एवढंच. भाषण नाही, उपकार केल्याचा चेहरा नाही, हमालीच्या रकमेसारखी एक नोंद. तो कागद बायंडिंगमध्ये तसाच घातलाय आम्ही, टाइप न करता.

आता पुण्यात जॉइन झालेय. परवा मिटिंगमध्ये मॅनेजरनं रिस्क विचारल्या, सगळ्यांनी छापीलच सांगितल्या, मी म्हणलं रात्रीच्या रिलीजला टेस्टिंगची पोरगी थांबते, तिच्या कॅबचं काय? घेतलं लिहून. तेव्हा तुमची लई आठवण आली सर, वॉशरूममध्ये जाऊन रडले खरं सांगते.

लोक म्हणतात मराठवाड्यात शिकवणारे नाहीत. आहेत की, फक्त त्यांना दरवर्षी नव्यानं मुलाखत द्यावी लागते, आणि सही मारणारे परमनंट.

या वर्षीची तुमची ऑर्डर निघाली का तेवढं कळवा. नसेल निघाली तर कुणाच्या केबिनबाहेर जाऊन बसायचं ते सांगा, आपल्या ग्रुपमधले सगळे सुट्टी टाकून यायला तयार आहेत.