मालिकांतला हातोडा

महोदय,

ठाण्याच्या सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी झाली. मालिकांतले खटले बघवत नाहीत. आपल्याकडे न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. गीतेवर हात ठेवणेही नाही. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार साक्षीदार ईश्वराला स्मरून किंवा नुसती प्रतिज्ञा करून बोलतो. आणि वकिलांची ती येरझारा घालत केलेली भाषणे! प्रत्यक्षात साक्षीदार अडखळत एक वाक्य बोलतो, साहेब ते नीट करून सांगतात, आम्ही टंकतो, तेवढ्यात वकील 'असं नाही म्हणाला, साहेब' म्हणून उठतो. अख्खी दुपार पंचनाम्यावरच्या सहीत आणि वेळेत जाते. मला तरी त्यातच खरे नाट्य दिसायचे. मालिका लिहिणाऱ्यांनी एकदा मागच्या बाकावर येऊन बसावे. सुनावणी खुली असते, तिकीट लागत नाही.

– एक निवृत्त लघुलेखक, नौपाडा, ठाणे