ती बाटली काकूंना देऊ नकोस

प्रिय विनायक,
स. न. वि. वि.

तुझ्या मेहुण्याने अमेरिकेहून पाठवलेली मल्टिव्हिटॅमिनची बाटली उद्यापासून काकूंना सुरू करणार म्हणालास. फोनवर तू घाईत होतास, म्हणून लिहितो. ती इतक्यात देऊ नकोस.

काकूंना जीवनसत्त्वं लागतात, हे तुझं खरंच आहे. मूत्रपिंडं थकली म्हणून त्यांचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीनदा चार-चार तास रक्त साफ व्हायला मशिनमधून जातं, तेव्हा युरियाबरोबर बी गटातली जीवनसत्त्वं, फॉलिक अ‍ॅसिड आणि सी हीसुद्धा निघून जातात. शिवाय पोटॅशियम कमी व्हावं म्हणून वहिनी भाजी उकळून पाणी ओततात, त्यात आणखी काही जातात. डॉक्टरांनी लिहून दिलेली ती छोटी गोळी याचसाठी आहे. डायलिसिसच्या दिवशी मात्र ती सकाळी नको. घरी आल्यावर दे, नाहीतर बरीचशी मशिनमध्येच जायची.

जीवनसत्त्व ए चं गणित उलटं आहे. मूत्रपिंडं थकली की ते शरीरात साठत जातं आणि डायलिसिसने निघत नाही. फार साठलं तर डोकं दुखतं, त्वचा कोरडी पडते, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, यकृतालाही इजा होते. बाटली फिरवून मागचं लेबल वाच. वरच व्हिटॅमिन ए दिसेल. खाली फॉस्फरस, पोटॅशियमही असू शकतं, तेही अशा पेशंटच्या अंगात साठतं. धडधाकट माणसासाठी बनवलेली गोळी आहे ती.

आमच्या डायलिसिस युनिटमध्ये मशिन लावताना पेशंटच्या पिशवीत डबा, फाइल, शाल आणि हल्ली नातेवाइकांनी प्रेमाने दिलेलं काहीतरी असतंच. कुणाकडे आवळ्याचा रस, कुणाकडे 1000 मिलिग्रॅमची सी ची गोळी. मला फार काळजी वाटते. या पेशंटना सी रोज 60 ते 100 मिलिग्रॅम पुरे. जास्तीच्या सी चं ऑक्झलेट नावाचं टाकाऊ द्रव्य होतं, ते लघवीवाटे जाऊ शकत नाही, मग हाडांत, हृदयात बसतं. आवळ्याच्या रसात पोटॅशियमही आलंच.

आणि डी. काकूंना तू रोज कोवळ्या उन्हात बसवतोस, जरूर बसव. पण उन्हातून मिळालेलं डी कामाचं करण्याची शेवटची पायरी मुख्यतः मूत्रपिंडातच होते, म्हणून त्यांना कॅल्सिट्रिऑल, म्हणजे कामाचं झालेलं तयार डी, दिलंय. कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) यांचे रिपोर्ट बघून डॉक्टर त्याचा डोस ठरवतात. पाय दुखतात म्हणून आपल्या मनाने एक जास्त, असं कधीही करू नकोस.

पुढच्या डायलिसिसला बाटली आणि घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून ने, मूत्रपिंडतज्ज्ञांसमोर ठेव. मेहुण्याला वाईट वाटेल असं वाटत असेल तर त्याच्याशी मी बोलतो.

काकूंना नमस्कार, वहिनींनाही.

तुझा,
श्रीकांत