खिडकीकडचा गाल

प्रिय आई, प्रिय बाबा,

परवा फोनवर आई हळूच म्हणाली, "चेहऱ्यावर सुरकुत्या फार दिसायला लागल्यात गं, काही करता येतं का?" आणि मागून बाबा हसले. बाबा, इथपर्यंत ऐकू आलं ते. आईने लगेच विषय बदलला, म्हणून आज पत्रच लिहायला बसले. या वयात कशाला, असं मी तरी म्हणणार नाही. हौस आहे ना, मग असू दे. फक्त सुरकुत्यांवरच्या त्या लेझर उपचारांच्या पॅकेजमध्ये साठवलेले पैसे घालू नकोस, एवढंच.

आधी हसणाऱ्यांकडे येते. बाबा, तुम्ही वर्षानुवर्षं खिडकीशी बसून पेपर वाचता. मागच्या वेळी तुम्ही दाढी करत होतात तेव्हा नीट पाहिलं. खिडकीकडच्या गालावर बारीक रेघांचं जाळं आणि तपकिरी ठिपके, दुसरा गाल त्या मानाने गुळगुळीत. उन्हातले यूव्हीए, म्हणजे अतिनील किरणांचा एक प्रकार, साध्या काचेतून आत येतात. त्यांनी कातडी भाजत नाही, म्हणून कळतही नाही, पण आतलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, ते तोडत राहतात. 2012 साली एका वैद्यकीय नियतकालिकात 28 वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाचा फोटो आला होता. खिडकीच्या बाजूचा अर्धा चेहरा जणू त्याच्या वडिलांचा. (ठिपक्यांपैकी एखादा वाढला, रंग बदलला किंवा त्यातून रक्त आलं तर मात्र थेट डॉक्टर. तिथे माझं पत्र चालायचं नाही.)

म्हणून पहिली वस्तू सनस्क्रीन, तीही दोघांना, घरात असलात तरी. ऑस्ट्रेलियात काही जणांना ते रोज लावायला सांगितलं आणि काहींना मर्जीवर सोडलं. साडेचार वर्षांनी पाहिलं तर रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण 24 टक्के कमी भरलं. ती माणसं पंचावन्नच्या आतली होती, हे खरं. पण पंचावन्न उलटली म्हणून ऊन काही तुम्हाला सोडत नाही. एसपीएफ 30 पुरे, ट्यूबवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम', म्हणजे यूव्हीएही अडवणारं, असं लिहिलेलं हवं. महागडं नको, कारण महाग असलं की तू पुरवून पुरवून लावशील, आई. आत्ताही वाटाण्याएवढं लावतेस. दोन बोटांवर लांब पट्ट्या ओढायच्या, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं.

वाटाण्याएवढं लावायचं ते रात्रीचं रेटिनॉल. अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं. त्याचंच जोरकस भावंड ट्रेटिनॉइन, ते मुळात मुरमांचं औषध आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं. सुरकुत्यांवर लावायच्या औषधांत सगळ्यात जास्त पुरावा याच्याच बाजूने आहे. मी शहाणपणा करून पहिल्याच आठवड्यात रेटिनॉल रोज चोपडलं, तर नाकाच्या कडेची सालं निघाली आणि हसलं तरी चरचरायचं. तू आठवड्यातून दोनच रात्री लाव, कोरड्या चेहऱ्यावर, डोळ्यांपासून लांब. तीन महिने तरी आरशाला काही विचारू नकोस.

तोंड धुतल्यावर ओलसर त्वचेवरच ग्लिसरीन असलेलं साधं मॉइश्चरायझर लाव. बारीक रेघा त्याच दिवशी बुजल्यासारख्या दिसतात. पाणी धरून त्वचा फुगते, बाकी जादू नाही. कोलॅजनच्या क्रीमचंही तसंच. त्यातलं कोलॅजन इतकं मोठं असतं की कातडीच्या आत शिरतच नाही, वरचेवर ओलावा देतं. आणि हनुवटीखाली जे सैल पडलंय ते कुठल्याच क्रीमने वर जाणार नाही, हे आधीच सांगते. बोटॉक्सच्या इंजेक्शनने कपाळाच्या आठ्या जातात, पण तीन-चार महिन्यांत उतरतं आणि परत पैसे.

खरी काळजी तुझ्या कपाटातल्या त्या ट्यूबची, कोणीतरी 'चेहरा उजळतो' म्हणून दिलेली. अशा क्रीममध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा खुलतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात. मागे बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का बघ. असेल आणि बरेच दिवस लावत असशील, तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, एकदम बंद केल्यानेही चेहरा भडकतो.

ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो आजच पाठव. अक्षर बारीक आहे, तेव्हा चष्मा लावून वाच. डोळे बारीक करून वाचतेस ना, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या त्या घड्या तिथूनच आल्यात.

तुमची,
लेक