वारीसाठी नवी चप्पल आदल्या दिवशी नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आषाढीला सोलापूरहून पायी पंढरपूरला जाणारे अनेक जण आदल्या दिवशी नव्या पेठेत चप्पल घेतात आणि पहिल्याच मुक्कामाला पायाला फोड आणतात. वाट सत्तरेक किलोमीटरची आहे. खरेदी निदान तीन आठवडे आधी करावी, तीही संध्याकाळी. दिवसभरात पाय सुजतात, त्यामुळे सकाळी नीट बसलेला जोड सायंकाळी आवळतो.

कातडी चप्पल आधी घरातच अर्धा-अर्धा तास वापरावी, मग रोज थोडं अंतर वाढवावं. अंगठ्याच्या पट्ट्याची आतली शिवण टोचते. तिथे एरंडेलाचे दोन-तीन थेंब बोटाने चोळून रात्रभर मुरू द्यावेत. तेल जास्त झालं की पट्टा सैल पडतो. चप्पल भिजवून उन्हात वाळवायचा सल्ला तर कृपया कुणीच देऊ नये, कातडं आकसतं आणि तडकतं. रेक्झिनला तेलाचा उपयोग नाही, तिथे मापच मोकळं हवं.

फोड आलाच तर तो फोडू नये, वरची कातडी हेच त्याचं संरक्षण. मधुमेहींनी रोज रात्री तळवे पाहावेत. त्यांच्यातल्या अनेकांच्या पायाची संवेदना कमी झालेली असल्याने जखम कळतही नाही.

– एक वाचक, सोलापूर