जीएलपी-१ हे औषधाचे नाव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांविषयी सातत्याने लेख येत आहेत आणि त्यांत ‘जीएलपी-१’ हे एखाद्या औषधाचेच नाव असावे, अशा रीतीने वापरले जाते. वास्तविक ते जेवणानंतर आपल्या प्रत्येकाच्या आतड्यातून रक्तात उतरणाऱ्या संप्रेरकाचे नाव आहे. ‘ग्लुकागॉनसदृश पेप्टाइड-१’ हे त्याचे पूर्ण नाव वाचून, आणि ग्लुकागॉनमुळे साखर वाढते हे ठाऊक असल्यामुळे, आमच्या शेजारच्या मधुमेही वहिनी आपली ग्लिप्टिन गटातील गोळी बंद करायला निघाल्या होत्या. गोळीच्या माहितीपत्रकात जीएलपी-१चा उल्लेख होता, एवढेच कारण. म्हणून हे पत्र.

वहिनींचा गोंधळ निराधार नव्हता, कारण ही दोन्ही संप्रेरके खरोखरच एका जनुकाची, एकाच प्रथिनाची अपत्ये आहेत. प्रोग्लुकागॉन हे ते १६० अमिनो आम्लांचे मूळ प्रथिन. महाविद्यालयात शिकवताना मी आलेखाच्या कागदाची १६० चौकटींची पट्टी चिकटवून तयार करीत असे आणि जिथे कापायचे, तिथल्या चौकटी लाल रंगवीत असे. पेशीतही बहुतेक कापण्याच्या जागा लायसिन-आर्जिनिनसारख्या लागून आलेल्या अमिनो आम्लांच्या जोड्यांनीच ओळखल्या जातात. मग एका विद्यार्थिनीला स्वादुपिंडाची अल्फा पेशी करायची आणि दुसरीला आतड्याची एल पेशी. पट्टी दोघींची तीच, कात्री मात्र वेगळी. अल्फा पेशीत प्रोहॉर्मोन कन्व्हर्टेज-२ हे विकर (एन्झाइम) ३३ ते ६१ या चौकटी सुट्या करते आणि २९ अमिनो आम्लांचे ग्लुकागॉन बाहेर पडते, जे यकृताला साखर सोडायला लावते. पट्टीचा मागचा भाग बहुतांशी न कापताच राहतो. एल पेशीत प्रोहॉर्मोन कन्व्हर्टेज-१/३ हे विकर नेमका तो मागचा भाग कापते, आणि ७८ ते १०७ या चौकटींतून जीएलपी-१ तर पुढच्या तुकड्यातून आतड्याच्या अस्तराच्या वाढीस मदत करणारे जीएलपी-२ मिळते.

मला यातील सर्वांत विलक्षण वाटते ते असे की, आतड्यात ग्लुकागॉनचा मजकूर नाहीसा होत नाही. तो ऑक्सिंटोमोड्युलिन आणि ग्लायसेंटिन या लांब तुकड्यांच्या पोटात अखंड बसलेला असतो, आणि त्यामुळेच जुन्या चाचण्यांतील काही प्रतिपिंडे या तुकड्यांनाही ग्लुकागॉन समजून बसत. जीएलपी-१च्या बाबतीत तर आधी सुरुवातीची सहा जास्तीची अमिनो आम्लेही चुकून त्याचाच भाग धरली गेली होती. ती काढल्यावरच तुकडा इन्शुलिन स्रवण्यास जोमाने चालना देतो, हे १९८७ च्या सुमारास स्पष्ट झाले. त्या कामातील जीवरसायनशास्त्रज्ञ स्वेतलाना मॉयसोव्ह यांचा वाटा बरीच वर्षे दुर्लक्षित राहिला आणि २०२४ मध्ये वैद्यकीय संशोधनासाठीच्या लास्कर पुरस्काराने त्याची जाहीर दखल घेतली गेली, याचा एक शिक्षिका म्हणून मला मनापासून आनंद आहे.

तेव्हा ‘सदृश’ म्हणजे रचनेने सदृश, कामाने नव्हे. रक्तातील साखर वाढलेली असताना जीएलपी-१ इन्शुलिन वाढवते आणि आपल्या भावंडाला, म्हणजे ग्लुकागॉनला, आवर घालते. मात्र डीपीपी-४ हे विकर त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्ले छाटून त्याला साधारण दोन मिनिटांत निकामी करते. वहिनींची गोळी या विकराला अडवते, तर वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांतील सेमाग्लुटाइड या औषधामध्ये छाटणीच्या जागेचे अमिनो आम्ल बदलले आहे आणि स्निग्धाम्लाची साखळी जोडली आहे, म्हणून ते आठवड्यातून एकदा टोचले तरी पुरते. वहिनींनी डॉक्टरांना विचारून गोळी चालू ठेवली आहे.

माझी विनंती इतकीच की, यापुढे ‘जीएलपी-१चे इंजेक्शन’ असे न लिहिता ‘जीएलपी-१ प्रमाणे काम करणारे औषध’ असे लिहावे, आणि पुढील लेखासोबत ती १६० चौकटींची पट्टी दोन्ही पेशींतील कापण्याच्या खुणांसह छापावी. चित्र मी स्वतः काढून पाठवायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त जीवरसायनशास्त्र अध्यापिका, सातारा